एकाच घरात दोन नीलम

गुरुवारी दुपारी शाळेच्या मुख्याध्यापिका हिरेमठ मॅडमचा फोन येऊन गेला आणि पूर्णिमाच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. शनिवारी सकाळी शाळेत यायचं, तिसरीच्या वर्गाला इंग्रजीचा एक पाठ घेऊन दाखवायचा, विषय नाऊन. पाठ पसंत पडला तर सोमवारपासून नोकरी. फोन ठेवून तिनं धुतलेली भांडी परत धुवायला घेतली, मध्येच सोडून गच्चीवर गेली, वाळत घातलेले कपडे ओलेच काढून खाली आणले आणि आता हे कशाला आणले म्हणून ते हातात घेऊन उभी राहिली.

यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं कुणीही म्हणेल. बाई बी.ए. झालेली, डी.एड. झालेली, बेळगावच्या खासबागेतल्या गल्लीत पोरांच्या शिकवण्या घेणारी. नाऊनची व्याख्या तर तिला झोपेतून उठवून विचारा. माणसाचं, गावाचं, जनावराचं, वस्तूचं नाव म्हणजे नाऊन. पण तेच तर दुखणं होतं. तिची शाळा खानापूरच्या वरच्या अंगाला, कणकुंबीच्या वाटेवरच्या गावातली, मराठी. तिथं इंग्रजी व्याकरण पाढ्यासारखं पाठ करायचं असतं, त्यातून बोलायचं वगैरे नसतं. आणि ही शाळा इंग्लिश मीडियमची. इथली पोरं पेन्सिल हरवली तरी इंग्रजीत रडतात. त्यांच्यापुढं उभं राहून त्यांनाच इंग्रजी शिकवायचं म्हणजे कोळ्याच्या पोराला पोहायला शिकवण्यातला प्रकार.

तरी नोकरी तिला हवी होती, आणि नुसती पगारासाठी नको होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिनं केलेलं प्रत्येक काम कुणाच्या तरी खात्यावर जमा झालं होतं. डबा नवऱ्याचा, पथ्याचं जेवण सासूचं, गृहपाठ पोरीचा. एक तरी काम असं असावं की ते कुणी केलं असं विचारल्यावर लोकांनी आपल्याकडं बोट दाखवावं, एवढीच तिची हाव होती.

संध्याकाळी सहावीतली पोरगी समीक्षा शाळेतून आली तशी तिला स्वयंपाकाच्या ओट्यापाशी बसवून पूर्णिमानं तालीम सुरू केली. समोर दिसेल त्या वस्तूचं नाव घ्यायचं.

"तांदूळ. राईस," पूर्णिमा म्हणाली. "वन राईस, टू राईसेस."

"आई, राईसला वन टू न्हाय गं. ते मोजायचं नस्तंय."

"मग मी रोज काय करते?"

"तू वाटी मोजतीस. वन कप ऑफ राईस. नायतर दाणे मोज."

पाणी मोजायचं नाही. दूध मोजायचं नाही, पीठ नाही, साखर नाही. ज्या ज्या गोष्टी ती महिनाभर मोजूनमापून पुरवत होती, त्या सगळ्या इंग्रजीत मोजायच्या नव्हत्या. हे व्याकरण करणारा माणूस आयुष्यात कधी स्वयंपाकघरात शिरलेला नसणार, असं तिचं मत झालं.

मग समीक्षानं तिला 'अ' आणि 'द' लावायला लावलं. अ स्पून. अ‍ॅन अनियन. द गॅस.

"आणि बेळगावला?" पूर्णिमानं विचारलं.

"बेळगावला कायबी न्हाय. प्रॉपर नाऊन हाय न्हवं ते. नुस्तं बेळगाव."

"आईला?"

"अ मदर. नायतर माय मदर. पुढं कायतरी लागतंयच," असं म्हणून पोरगी टीव्ही लावायला पळाली.

पूर्णिमा मात्र हातातली पळी तशीच धरून उभी राहिली. हा नियम तिनं शाळेत घोकला होता, परीक्षेत लिहिला होता, त्याचे मार्कही मिळवले होते. पण तो कळला होता असं म्हणता येणार नाही. कॉमन नाऊनला एकट्यानं उभं राहता येत नाही. त्याच्या पुढं कुणीतरी लागतं, अ, द, माझं, तुझं, अमक्याचं. प्रॉपर नाऊन तेवढं एकटं उभं राहतं. ती आठवायला लागली. समीक्षाची आई. आदर्शची बायको. जयाबाईची सून. गल्लीतली पोरं म्हणायची, शिकवणीच्या मिस. सकाळपासून तिला जेवढ्या हाका मारल्या गेल्या त्या सगळ्यांच्या पुढं कुणीतरी होतं. हा विचार डोक्यात शिरला आणि माशीसारखा घोंगावत राहिला. आमटीत मीठ दोनदा पडलं.

जेवताना तिनं पाठाचं सांगितलं. नवरा आदर्श उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत सुपरवायझर, माणूस काही वाईट नव्हे. खारट आमटी मुकाट्यानं खात तो म्हणाला, "बघ की जमतंय काय. न्हाय जमलं तर न्हाय, काय अडलंय?" त्याला वाटलं आपण धीर दिला. तिला वाटलं, आपल्या पडण्याची सोय करून ठेवली. असल्या धीरापेक्षा चार शिव्या बऱ्या.

"सकाळची शाळंत गेल्यावर घरचं कोण बघणार, ते त्या मॅडमला इचारलंस काय?" सासूनं, जयाबाईंनी, विचारलं.

"न्हाय आत्ती, ते इचारायचं ऱ्हायलं," पूर्णिमा म्हणाली, आणि उठून ताटं गोळा करायला लागली.

शुक्रवारी दुष्काळात तेरावा महिना आला. म्हणजे नणंद आली. निपाणीला दिलेली, आदर्शपेक्षा मोठी, बोलकी, अंगानं भरलेली बाई. बायकांना बसचं तिकीट फुकट झाल्यापासून तिच्या येण्याला धरबंध राहिला नव्हता. आईचे डोळे दाखवायचेत, शेजारच्यांची वास्तुशांती आहे, काही ना काही निमित्त काढून ती पिशवी घेऊन दारात उभी राहायची. नणंदेचं नाव नीलम.

ती आली की दिवसभर घरात तेच नाव वाजायचं. "नीलम, चा घे." "नीलम, ते पातळ नवीन व्हय?" शेजारची मालुबाई भिंतीवरून वाकायची, "नीलम, कवा आलीस गं?" रस्त्यानं जाता जाता भरमाकाका सायकल थांबवून विचारायचे, "आमची नीलम आलीया वाटतं." आणि प्रत्येक हाकेला स्वयंपाकघरात पूर्णिमाची मान वळायची. एवढी वर्षं झाली, तरी वळायची. पोळी तव्यावर टाकताना वळायची, कणीक मळताना वळायची. मग ती मान परत जागेवर आणायची आणि त्या मानेचा तिला भयंकर राग यायचा.

कारण ती हाक एके काळी तिची होती. माहेरी तिचं नाव नीलमच होतं. लग्न ठरलं तेव्हा सासरची माणसं म्हणाली, पोरगी चांगली आहे, पण आमच्या घरात एक नीलम आहेच, दोन कशा चालतील? नाव बदलून घेऊ. माहेरच्यांनी माना डोलावल्या, त्यात विचारण्यासारखं काय होतं. लग्नाच्या दिवशी पौर्णिमा होती. ताटात तांदूळ पसरले, आदर्शनं अंगठीनं त्यात अक्षरं काढली, बायका वाकून बघायला लागल्या आणि कुणीतरी मोठ्यानं वाचलं, पूर्णिमा. नवरीला ती अक्षरं उलटी दिसत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणून तीही हसली. मग कुणाचा तरी हात ताटावरून फिरला आणि ते तांदूळ गोळा करून डब्यात गेले.

दोष द्यायचा तर द्यायचा कुणाला? नवरा म्हणजे रिवाज पाळणारा, सासू म्हणजे रिवाज सांगणारी. उरली नणंद. पूर्णिमानं सगळा राग त्या बाईच्या नावावर टाकला होता, तोंडानं एक शब्दही न काढता. नणंदेचा चहा तेवढा नेहमी थोडा थंड व्हायचा.

शुक्रवारी नाऊनची तयारी काही झाली नाही. ती खोलीत जाऊन आरशासमोर उभी राहायची, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन," म्हणायची आणि बाहेरून हाक यायची, "नीलम." घडी विस्कटायची. शेवटी तिनं ठरवलं, नुसतं फळ्यावर लिहून पोरं बसायची नाहीत, त्यांच्या हाताला काहीतरी द्यायला हवं. डी.एड.ला वाळूच्या ताटात बोटानं अक्षरं गिरवून घ्यायला शिकवलं होतं. वाळू आता कुठून आणणार? तिनं मोठं ताट काढलं आणि तांदूळ एका पिशवीत भरले.

"अन्नात बोटं घालून खेळतात व्हय?" जयाबाई म्हणाल्या.

"लग्नात न्हाय काय घालत, आई?" नणंद म्हणाली. मग पूर्णिमाकडं वळली. "तू जा बिनघोर. उद्याचा सैपाक मी बघते."

पूर्णिमानं मान हलवली. उपकार तर उपकार, तोही हिचाच घ्यायचा, असं मनात म्हणाली.

शनिवारी वर्गात पाऊल टाकलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पोरं उठून उभी राहिली, सुरात गुड मॉर्निंग झालं. हिरेमठ मॅडम मागच्या बाकावर चष्मा पुसत बसल्या. पूर्णिमानं पाठ केलेलं पहिलं वाक्य शोधलं, ते डोक्यात नव्हतंच. मग तिनं काही न बोलता टेबलावर ताट ठेवलं आणि त्यात पिशवी उपडी केली. तांदूळ पडल्याचा आवाज झाला तशी मागची पोरं बाकावर चढली.

"धिस इज राईस," ती म्हणाली. "वुई डोन्ट काउंट राईस."

"आय कॅन काउंट, मिस," पुढचा एक जाडा पोरगा म्हणाला.

"यू कॅन काउंट ग्रेन्स. कम. काउंट."

तो आला, मोजायला लागला, थोड्या वेळात चुकला आणि वर्ग हसला. त्या हसण्यानं पूर्णिमाच्या जिभेची गाठ सुटली. मग एकेक पोर येऊन तांदळात बोटानं नाव लिहायला लागलं. कॅट. फॅन. शूज. कुणी लिहिलं, रिव्हर. पूर्णिमा म्हणाली, "अ रिव्हर. व्हिच रिव्हर?" पोरांना सांगता येईना. "मलप्रभा," ती म्हणाली. "आय नो मलप्रभा. शी इज बॉर्न निअर माय व्हिलेज." नदी कुठं जन्मते हे ऐकून पोरं पुढं सरकली. इंग्रजी अडखळत होतं, कुठं 'अ' गळत होता, कुठं 'द' उगाच घुसत होता. पण तिला सांगायचं काय आहे ते ठाऊक होतं, आणि ते पोरांपर्यंत जात होतं. तिनं सांगितलं, व्हिलेजला पुढं कुणीतरी लागतं, कणकुंबीला लागत नाही. टीचरला लागतं, सिटीला लागतं, बेळगावला नाही. प्रॉपर नाऊन एकटं उभं राहतं, कुणाचा हात न धरता. एक माणूस, एक नाव.

दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी राहिली. "मिस, माय मदर हॅज टू."

"टू व्हॉट?"

"टू नेम्स. मामाच्या घरी सविता. अवर हाऊस, अश्विनी. मिस, व्हिच वन इज प्रॉपर?"

पूर्णिमाचं घोडं तिथंच अडलं. ताटातले तांदूळ, त्यावरची पुसट अक्षरं, मागच्या बाकावर पेन थांबवून बसलेल्या मॅडम. याचं उत्तर कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकात नव्हतं, डी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं आणि घरी विचारायची तर सोयच नव्हती. गेली नोकरी, तिला वाटलं. आणि जाणारच असेल तर निदान खोटं सांगून जायला नको.

"आस्क युवर मदर," ती म्हणाली. "व्हिच नेम शी लाइक्स. दॅट वन."

मुलीनं विचार करून मान हलवली. तिचं समाधान झालं होतं. बसता बसता तिनं सहज विचारलं, "अँड युवर नेम, मिस?"

"नीलम."

ते तोंडातून कसं निघालं हे तिला कळलं नाही. अडवायला वेळच मिळाला नाही. बेल झाली, पोरं उठली आणि सवयीनं एका सुरात ओरडली, "थँक यू, नीलम मिस." पूर्णिमाला एकदम रडू आलं. ताटातले तांदूळ पिशवीत भरायचं निमित्त करून ती खाली वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

ऑफिसात हिरेमठ मॅडम सरळ मुद्द्यावर आल्या. मराठी बोलताना त्या मध्येच कानडी वळण घ्यायच्या, 'बघा'ला 'नोडी' म्हणायच्या. "इंग्लिश तुमचं अजून सुधारायला पाहिजे. पण मुलं जागची हलली नाहीत नोडी, ते मला पाहिजे. सोमवारी या. आता एक सांगा, अर्जावर पूर्णिमा आहे, वर्गात नीलम म्हणालात."

"सर्टिफिकेटवर नीलम हाय मॅडम. आधारवर पूर्णिमा."

"आमच्याकडं निम्म्या बायकांचं तसंच आहे. वकिलाकडून एक कागद करून आणा, ऑफिसला चालतं. पण टाइमटेबलवर एकच नाव छापायचं. एकदा मुलांच्या तोंडात बसलं की मग ब्रह्मदेव आला तरी बदलत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत फोन करून सांगा."

घरी आल्यावर जयाबाईंनी तिच्या हातावर साखर ठेवली. आदर्श पहिल्या पाळीहून आला होता, तो म्हणाला, "मी म्हटलंच हुतं, जमंल." असं तो कधी म्हणाला होता हे पूर्णिमानं विचारलं नाही. पोळ्या झालेल्या होत्या, वांग्याची भाजी झालेली होती, नणंदेनं ओटासुद्धा पुसून ठेवला होता. सगळं इतकं सरळ चाललं होतं की पूर्णिमा बोलून गेली, "शाळंत मी नीलम म्हणून लागणार हाय."

जयाबाईंनी साखरेचा डबा बंद केला. मग जयाबाई म्हणाल्या, "घरात एक नीलम हाय न्हवं? गल्लीतली पोरं त्याच शाळंत जात्यात. उद्या दारात येऊन नीलम मिस हायत काय म्हणून इचारतील, तवा मी कुणाला बोलवू?"

"आणि आधारवर पूर्णिमा हाय," आदर्श म्हणाला. "उगं घोळ कशाला करतीस? नाव कुठलंबी असलं तर पगार तेवढाच मिळणार की."

नणंद कोपऱ्यात बसून पातळाची घडी घालत होती. ती काहीच बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं पूर्णिमाला सहन झालं नाही. इतकी वर्षं आत कोंडलेलं बाहेर आलं.

"आक्का, तुमी तरी बोला. तुमच्यापायी गेलं माझं नाव. तुमचं तुमाला ऱ्हायलं, माझं ताटात पुसून टाकलं. दिसभर हितं हाक ऐकायची आणि आपली न्हवं म्हणून गप बसायचं, हे तुमाला काय ठावं असणार?"

"पूर्णिमा," आदर्श म्हणाला, पण नणंदेनं हात वर करून त्याला थांबवलं.

"माझं मला कुठं ऱ्हायलं?" ती म्हणाली. "निपाणीत मी सुरेखा हाय. त्यांच्या भटजीनं सांगितलं, नावरास जुळत न्हाय. माझंबी ताटातच पुसलं की. बसमधी कंडक्टरला आधार दावलं की हितल्या स्टँडावरच सुरेखा हुते मी, ते परत ह्या दारात आई हाक मारस्तवर. मी सारखी येते म्हणून तुझ्या कपाळाला आठ्या पडत्यात, मला दिसतंय ते. मी काय चा प्यायला येते व्हय? तो तर थंडच असतोय." तिनं घडी मोडली आणि परत घालायला लागली. "एवढी एक हाक हाय माझी. ती बी घेऊन जा तू शाळंला."

हे पूर्णिमाला माहीत नव्हतं असं नाही. नणंदेच्या निपाणीच्या घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेवर 'सौ. सुरेखा' छापलेलं तिनं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं. पण आपलं दुखणं कुरवाळत बसलेल्या माणसाला शेजारी कोण कण्हतंय ते ऐकू येत नाही. जिच्यासाठी आपलं नाव गेलं असं ती मानत होती, त्या बाईला ते नाव वर्षातून पाचपन्नास दिवस वापरायला मिळत होतं, तेही प्रवास करून. राग धरायला आता कुणीच उरलं नाही, आणि राग गेल्यावर तिथं काय ठेवायचं ते पूर्णिमाला सुचेना.

रविवार तिनं कसाबसा काढला. फोन हातात घ्यायची, मॅडमचा नंबर काढायची, ठेवून द्यायची. कपाट आवरायला काढलं आणि अर्धं आवरून सोडलं. पूर्णिमा सांगितलं तर कालची ती पोरं सोमवारी नीलम मिस म्हणतील आणि आपण त्यांना दुरुस्त करायचं. नीलम सांगितलं तर आक्का पुढच्या वेळी कुठल्या तोंडानं या दारात येईल? दुपारी चहा करताना तिनं नणंदेचा कप सगळ्यांत आधी भरला आणि कढत कढत नेऊन दिला. नणंदेनं तो घेतला. तेवढ्यानं काही सुटलं नाही. संध्याकाळी तिनं मनाशी ठरवलं, पूर्णिमाच सांगू. एवढी वर्षं ज्या नावानं निभावलं ते पुढंही निभावेल. ठरवल्यावर बरं वाटायला हवं होतं, ते वाटलं नाही.

नणंद निपाणीला निघाली तेव्हा पिशव्या धरायला पूर्णिमा रिक्षानं बरोबर गेली. रिक्षात दोघी दोन बाजूंनी बाहेर बघत होत्या. स्टँडवर संकेश्वर, निपाणी असं ओरडत कंडक्टर माणसं भरत होता. नणंदेला खिडकीची जागा मिळाली. पूर्णिमानं पिशव्या खिडकीतून आत दिल्या आणि खाली उभी राहिली. नणंदेनं पर्समधून आधार कार्ड काढून हातात धरलं.

"मॅडमला फोन केलास काय?" तिनं वरून विचारलं.

"करते आता. पूर्णिमाच सांगते, आक्का. तुमचं तुमाला असू दे."

नणंद हातातल्या कार्डाकडं बघत राहिली. "आदर्श मला आक्का म्हणतोय," ती म्हणाली. "समी आत्या म्हणतीया. तूबी आक्काच म्हणतीस. आई हाय तवर हाय, आणि ती मालुबाई आणि भरमाकाका. तिघंबी पिकली पानं. ती गेली की ह्या गल्लीत नीलम म्हणून हाक मारायची कुणी आणि कुणाला?"

ड्रायव्हर चढला, बस थरथरायला लागली.

"पोरांच्या तोंडात असलं तर ऱ्हाईल तरी," नणंद म्हणाली. "दारात येऊन इचारूद्यात की. आई बघून घेईल, कुणाला बोलवायचं ते. दोघी जाऊ भाईर."

बस मागं सरकली आणि वळायला लागली. पूर्णिमा खिडकीबरोबर चार पावलं चालली. नणंदेनं डोकं बाहेर काढलं आणि स्टँडवरच्या सगळ्या गोंगाटावर आवाज चढवून हाक मारली.

"नीलम, फोन लाव आधी."

लग्न होऊन आल्यापासून सासरच्या माणसानं तिला त्या नावानं मारलेली ही पहिली हाक. मान वळवायची गरज नव्हती, ती समोरच बघत होती. "व्हय आक्का," ती म्हणाली. पण बस तोवर फाटकाबाहेर गेली होती. डोळे पुसायला पदर हाताशी आला, तो तिनं तसाच सोडला आणि आधी नंबर काढला. पलीकडून मॅडमचा आवाज आला, कोण बोलतंय.

"मॅडम, नीलम बोलते."